परवाना कोणी घ्यायचा?

तंबाखू विकत घेण्यासाठी सरकारी परवाना लागावा, ही कल्पना पहिल्यांदा कानावर पडली की माणूस एक तर हसतो, नाही तर चिडतो. हसणाऱ्याला ती लालफितीची कमाल वाटते, चिडणाऱ्याला थेट आपल्या खिशात घातलेला सरकारी हात. दोन्ही प्रतिक्रिया साहजिक आहेत आणि या क्षेत्रातल्या अभ्यासकांना त्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. या प्रस्तावनेत त्या प्रतिक्रियांच्या थोडे पुढे जायचे आहे. नीतिशास्त्र, कायदा, सार्वजनिक आरोग्य आणि महसुलाचा इतिहास जिथे एकमेकांच्या बांधाला लागतात, तिथले हे छोटेसे शेत. इथे यायला वैद्यकाची पदवी लागत नाही. ज्याने पानटपरीवर उभे राहून कोणाला चुना मळताना पाहिले आहे, त्याला निम्मी सामग्री आधीच ठाऊक असते.

आजच्या चर्चेला धार आली ती नोव्हेंबर 2012 मध्ये. सिडनी विद्यापीठातले सायमन चॅपमन हे ऑस्ट्रेलियातल्या तंबाखूविरोधी चळवळीतले जुनेजाणते प्राध्यापक. त्यांनी ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात धूम्रपान करणाऱ्यांसाठी परवान्याची योजना मांडली. सिगारेट घेताना दुकानदाराला एक इलेक्ट्रॉनिक कार्ड द्यायचे. दिवसाला आपल्याला किती सिगारेटी लागतील हे ओढणाऱ्यानेच आधी ठरवायचे, 50 च्या वर मात्र जाता येणार नाही. मर्यादा जितकी मोठी, तितकी वार्षिक फी जास्त. परवाना घेण्याआधी धोके माहीत आहेत की नाही याची छोटी परीक्षा द्यायची. आणि ज्याला सोडायची असेल त्याने परवाना परत करायचा, म्हणजे आजवर भरलेली फी त्याला व्याजासकट मिळेल. या योजनेतला मला सर्वांत चलाख वाटलेला भाग हाच. दंडाच्या पैशांतून बचत खाते उघडण्याची कल्पना सरकारी डोक्यातून सहसा निघत नाही.

चॅपमन यांचा मुख्य युक्तिवाद औषधांचा होता. रक्तदाबाची गोळी घ्यायची तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, कारण चुकीच्या वापराने ती अपाय करू शकते. सांगितल्याप्रमाणे वापरूनही दीर्घकाळ वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा जीव घेणारी वस्तू मात्र दुधाच्या पिशवीशेजारी मिळते. हा उलटा कारभार आपण केवळ सवयीने सहन करतो, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी 2008 च्या सुमारास ब्रिटनमध्ये ज्युलियन ल ग्रँड यांनी असाच विचार बोलून दाखवला होता. ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्राध्यापक, एके काळी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे सल्लागार. 10 पौंड, एक अर्ज, एक फोटो, आणि वर्षभराची मुभा. बंदी कोणावरच नाही. ज्याला ओढायची आहे त्याने दर वर्षी एकदा ‘होय, मला ओढायची आहे’ असे कागदावर लिहून द्यायचे, एवढेच. सोडायची इच्छा असलेले लाखो लोक रोज तलफेपुढे हरतात. त्यांना तलफ नसलेल्या एखाद्या शांत दिवशी निर्णय घ्यायला लावावे, अशी ही कल्पना.

चॅपमन यांच्या लेखाशेजारीच त्याच अंकात एडिनबरा विद्यापीठाच्या जेफ कॉलिन यांचे उत्तर छापले गेले, आणि नव्या वाचकाने ही जोडी एकत्रच वाचावी. कॉलिन काही सिगारेट कंपन्यांचे वकील नव्हेत. तंबाखू-उद्योग जगभर कसा हातपाय पसरतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचा आक्षेप असा की अनेक दशके खपून या चळवळीने समाजाचे बोट ओढणाऱ्याकडून उद्योगाकडे वळवले. परवाना ते बोट पुन्हा ओढणाऱ्याकडे वळवतो. आणि आज श्रीमंत देशांत सर्वांत जास्त कोण ओढतो? गरीब, बेकार, मानसिक आजाराशी झगडणारे लोक. त्यांनाच फोटो काढून रांगेत उभे करायचे. एकाच बाजूच्या दोन माणसांमधला हा वाद असल्यामुळे त्यात आरडाओरडा नाही, आणि म्हणूनच तो शिकवण्याजोगा आहे.

स्वातंत्र्याची बाजू मांडणारा बहुतेक प्रत्येक जण जॉन स्टुअर्ट मिलपाशी जातो. मिलने 35 वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केली, 1858 मध्ये ती सोडली आणि पुढच्याच वर्षी ‘ऑन लिबर्टी’ प्रसिद्ध केले. मराठी वाचकाला तो परका नाही. आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर पचवले होते. दुसऱ्याला इजा होत नसेल तर प्रौढ माणसावर, त्याच्या भल्यासाठी का होईना, सक्ती करू नये, हे तत्त्व त्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात येते आणि बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. आपल्या विषयाचे खरे काम आहे पाचव्या प्रकरणात. तिथे मिल सिद्धान्त बाजूला ठेवून दुकानात शिरतो. विष विकायचे कसे? सरसकट डॉक्टरचा दाखला मागू नये, तो म्हणतो, कारण मग वाजवी कामासाठीही विष कधी कधी मिळणारच नाही आणि मिळाले तर नेहमीच महाग पडेल. त्याऐवजी विक्रेत्याने वहीत नोंद ठेवावी. घेणारा कोण, राहतो कुठे, किती घेतले, कशासाठी घेतले.

नोंद आणि परवानगी यांतला हा फरक या सगळ्या क्षेत्राचा कणा आहे. नोंदीत ग्राहक माहिती देतो आणि वस्तू घेऊन जातो. परवानगीत तो विनंती करतो आणि थांबतो. पहिल्यात माणूस नागरिक राहतो, दुसऱ्यात अर्जदार होतो. शिवाय मिलची वही विषाने दुसऱ्याचा घात होऊ नये म्हणून आहे, पिणाऱ्याला स्वतःपासून वाचवण्यासाठी नाही. तरीही मिलला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करणाऱ्यांनी जपून राहावे. करांबाबत तो म्हणतो की मादक वस्तू दुर्मीळ करण्यासाठीच कर लावणे ही बंदीचीच सौम्य आवृत्ती आहे. पण सरकारला कुठून तरी महसूल उभा करायचाच आहे, तर मग ज्याशिवाय माणसाचे सहज भागते अशा वस्तूंवर तो बसवायला त्याची हरकत नाही. आणि स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार स्वातंत्र्याच्या नावाने मान्य करता येणार नाही, असेही तो त्याच प्रकरणात सांगतो. निकोटिनचे व्यसन त्या कराराच्या किती जवळ जाते, हा प्रश्न रॉबर्ट गुडिन यांनी 1989 च्या ‘नो स्मोकिंग’मध्ये नेटाने लावून धरला. सारा कॉन्ली यांनी 2013 च्या ‘अगेन्स्ट ऑटॉनॉमी’मध्ये त्याही पुढे जाऊन सरळ सिगारेटबंदीचाच पुरस्कार केला. मला कॉन्ली यांचे निष्कर्ष पटत नाहीत. पण स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या दहा लेखांपेक्षा त्यांचे पुस्तक विचाराला अधिक चालना देते.

आता इतिहासाकडे. घेणाऱ्याच्या हाती परवाना देण्याचा प्रयोग जगात होऊन गेला आहे, आणि तोही मोठ्या प्रमाणावर. फक्त वस्तू होती दारू. स्वीडनमध्ये ईव्हान ब्रात नावाच्या डॉक्टरने दारूबंदी आणि मोकळीक यांच्यामधला मार्ग म्हणून ही पद्धत काढली. 1914 मध्ये ती स्टॉकहोममध्ये सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत देशभर पसरली. प्रत्येक पात्र माणसाला एक पुस्तिका मिळे, तिचे नाव ‘मोटबूक’. ठरलेल्या एकाच दुकानातून मद्य घ्यायचे, प्रत्येक खरेदीला पुस्तिकेत शिक्का मारून घ्यायचा आणि महिन्याचा कोटा संपला की हात हलवत परत यायचे. कोटा सर्वांना सारखा नव्हता. अर्जदाराचे उत्पन्न, कर, वागणूक, शेजारपाजारचा लौकिक या सगळ्याची चौकशी होई. विवाहित स्त्रीला सहसा वेगळी पुस्तिका मिळतच नसे, नवऱ्याची होती तेवढी पुरे. अविवाहित स्त्रीला मिळाली तरी तिचा कोटा पुरुषापेक्षा कमी.

या पद्धतीचा हिशेब मांडताना आपल्याला सोयीची तेवढीच बाजू उचलणे फार सोपे आहे. 1922 च्या सार्वमतात स्वीडनने संपूर्ण दारूबंदी अगदी थोडक्यात, 51 विरुद्ध 49 टक्क्यांनी, नाकारली. त्या नकारामागे मोटबूक होते, कारण बंदी न करताही दारूवर ताबा ठेवता येतो हे लोकांना दिसत होते. 1 ऑक्टोबर 1955 ला पुस्तिका रद्द झाली तेव्हा खप वाढला, दारूच्या नशेपायी होणाऱ्या अटका वाढल्या आणि सरकारला कर चढवावे लागले. म्हणजे परवान्याला परिणाम होता. पण त्याची किंमत कोणी मोजली? ज्याच्या वागण्याबद्दल दुकानातल्या कारकुनाला शंका आली त्याने, मोलमजुरी करणाऱ्याने आणि घरातल्या बाईने. शिवाय ज्याला दारूचे फारसे वेड नव्हते, तोही आपला कोटा हक्काचा म्हणून उचलू लागला, अशी टीकाही झाली. मर्यादा ठरवून दिली की ती काहींच्या लेखी शिफारस होऊन बसते. चॅपमन यांच्या 50 सिगारेटींबद्दल मला हीच धास्ती वाटते.

मराठी वाचकाला मात्र स्वीडनपर्यंत जाण्याची गरजच नाही. दारू पिण्यासाठी परवाना लागतो अशा राज्यात तो राहतो, आणि बहुधा हे विसरूनच राहतो. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना आलेला 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, फक्त नावात आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. त्या कायद्याला आव्हान देणारे एफ. एन. बलसारा यांनी व्हिस्की-ब्रँडीबरोबरच औषधी वाइन आणि ओ-द-कोलोन बाळगण्याचाही हक्क मागितला होता. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बंदीतून मोकळी केली, काही कलमे उडवली, पण कायद्याचा गाभा टिकवला. पुढे बंदी सैल झाली, परवाना राहिला. एका दिवसाचा, वर्षाचा, आजन्म असे त्याचे प्रकार; विदेशी मद्याच्या परवान्याची फी अनेक वर्षे अनुक्रमे 5, 100 आणि 1000 रुपये. कडक मद्यासाठी वयाची अट 25. आणि हा परवाना कशासाठी? प्रकृती टिकवण्यासाठी व तिची निगा राखण्यासाठी, असे खुद्द त्या कागदावरच म्हटलेले असते.

आता हा परवाना प्रत्यक्षात काय काम करतो ते पाहा. बारच्या बिलात पाच रुपये जोडले जातात, दुकानदार पावतीपुस्तक स्वतःच भरून टाकतो, गिऱ्हाईक सहीसुद्धा करत नाही. त्यामुळे पिणाऱ्यांची संख्या घटत नाही, धोक्याची जाणीव वाढत नाही, कोणाची प्रकृतीही टिकत नाही. उरते ती एकच गोष्ट: कायद्याच्या लेखी जवळपास प्रत्येक पिणारा कधी ना कधी गुन्हेगार असतो, आणि कोणाला पकडायचे हे पोलिसाच्या मर्जीवर राहते. गोव्यात दुकानातून उघडपणे घेतलेली बाटली बांद्याला पोचली की गुन्ह्याचा मुद्देमाल होते, हा याच व्यवस्थेचा एक नमुना. सर्वांना लागू असलेला पण कोणीच न पाळलेला परवाना स्वातंत्र्यही राखत नाही आणि आरोग्यही. परवान्याच्या बाजूने आणि विरोधात लिहिणाऱ्या पाश्चात्त्य लेखकांना हे उदाहरण जवळपास ठाऊकच नाही. त्यांच्या वादात आपण भर घालू शकतो ती इथे.

दुसरी भर वस्तूबद्दलची. सगळ्या परकीय योजना सिगारेटीच्या पाकिटावर बेतलेल्या आहेत. पाकीट, दुकान, बारकोड, कार्ड. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 वर्षांवरील 26.6 टक्के लोक तंबाखू वापरत होते, पण ओढणारे फक्त 3.8 टक्के होते. धूररहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न तोंडातल्या तंबाखूचा आहे. पुडीतली तंबाखू तळहातावर चुन्याबरोबर मळून लावलेला बार, विदर्भात पन्नीवर घोटून दिलेला खर्रा, घरच्या तव्यावर भाजून दाताला लावलेली मिश्री. बाईच्या मिश्रीच्या डबीला कोणते यंत्र कार्ड मागणार? जपानने 2008 मध्ये सिगारेटीच्या विक्रीयंत्रांसाठी ‘तास्पो’ हे फोटो असलेले कार्ड आणले. तिथे यंत्रे होती, शिस्त होती, आणि कार्डाचे काम फक्त वय तपासण्याचे होते. तरी पुष्कळ गिऱ्हाइकांनी कार्ड काढण्याऐवजी सरळ कोपऱ्यावरचे दुकान गाठले. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, सप्टेंबर 2020 पासून सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर. दोन्ही आदेशांची अवस्था पाहायला फार लांब जावे लागत नाही.

भूतानचे उदाहरण त्याहून कडू आहे. तिथे 2004 च्या अखेरीस तंबाखूची विक्री थांबवण्यात आली, पण स्वतःपुरता माल बाहेरून कर भरून आणायची मुभा राहिली. मात्र कराची पावती जवळ हवी. म्हणजे पावती हाच परवाना झाला. 2010 च्या कायद्याने शिक्षा कडक केल्या, आणि पावतीविना थोडीशी खाण्याची तंबाखू बाळगली म्हणून एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली. देशात संताप उसळला, कायदा सौम्य करावा लागला. सीमेपलीकडून, म्हणजे आपल्या भारतातून, चोरटा माल येतच राहिला. शेवटी 2021 मध्ये, करोनाच्या काळात चोरट्या वाहतुकीबरोबर रोगही येईल या भीतीने, विक्री पुन्हा खुली झाली.

परवान्याचा आणखी एक पैलू नोंदवहीचा. मिलच्या काळी विषाची वही दुकानातच पडून राहायची. आजची वही संगणकात असते आणि ती चालते, फिरते, विकली जाते. कोण दिवसाला किती तंबाखू खातो ही माहिती विमा कंपनीला, नोकरी देणाऱ्याला, मुलगी दाखवायला निघालेल्या स्थळालाही हवी असेल. 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तेव्हापासून भारतातल्या कोणत्याही परवाना-योजनेला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाण या तिन्ही कसोट्यांना उतरावे लागेल. आणि परवाना देणारे सरकार तटस्थ नसते, हेही विसरू नये. त्याला तंबाखूचा कर हवा असतो आणि त्याच्या आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसी या सिगारेट बनवणाऱ्या कंपनीचे भरपूर शेअर असतात.

या विषयाच्या परदेशी वाचनयाद्यांत शेत आणि कारखाना नसतो, हे मला खटकते. निपाणीच्या विडी-तंबाखूने सीमाभागातली किती घरे चालवली, 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी केलेले आंदोलन, तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायकांच्या संघटनेवर छाया दातार यांनी लिहिलेले पुस्तक, सोलापूर-सिन्नरच्या विडी कामगार स्त्रिया, हे सगळे याच क्षेत्राचे भाग आहेत. ग्राहकाचे स्वातंत्र्य आणि ग्राहकाचे आरोग्य एवढ्यावरच वाद मिटवला तर ही माणसे पानाबाहेर राहतात.

मग परवाना नकोच का? माझे मत असे आहे की परवाना हवा, पण विकणाऱ्याला. 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवले होते की स्थानिक संस्थांनी तंबाखूविक्रेत्यांना परवाने द्यावेत आणि अशा दुकानात बिस्किटे, चिप्स, शीतपेये ठेवू देऊ नयेत. पोराने चॉकलेट घ्यायला यावे आणि तंबाखूची ओळख करून जावी, हे टाळण्याचा तो साधा उपाय होता. न्यूझीलंडने 2022 मध्ये दुकानांची संख्या सुमारे 6000 वरून 600 वर आणण्याचा आणि 1 जानेवारी 2009 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना धूम्रपानाची तंबाखू कधीच न विकण्याचा कायदा केला. त्याचा अंमल होण्याआधीच, 2024 च्या आरंभी, नव्या सरकारने तो रद्द केला. रद्द झाला तरी त्यातल्या बंधनांचा रोख विक्रेत्यावर आणि उत्पादकावर होता, ओढणाऱ्यावर नव्हता, आणि ते मला योग्य वाटते. पिढीनिहाय बंदीबद्दल माझे मन अजून साशंक आहे. एका वर्षाने धाकट्या भावाला आयुष्यभर वेगळा कायदा लावणे समतेत कसे बसते, याचे समाधानकारक उत्तर मी वाचलेले नाही. तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे. तंबाखू घेण्याचा ‘निर्णय’ बहुतेक लोक सज्ञान होण्याआधीच घेऊन बसलेले असतात. प्रौढाच्या स्वातंत्र्याचे रक्षण करताना आपण पुष्कळदा चौदा वर्षांच्या मुलाने घेतलेल्या निर्णयाचे रक्षण करत असतो. ग्राहकपरवान्याचे समर्थक हे ठामपणे मांडतात आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत.

चॅपमन यांची योजना आजवर कोणत्याही देशाने जशीच्या तशी स्वीकारलेली नाही, पण तिने विचारलेले प्रश्न मावळलेले नाहीत. ई-सिगारेट, गांजा, ऑनलाइन जुगार, प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न नव्या वेषात येतील. म्हणून या विषयात प्रवेश करणाऱ्या वाचकाला एक विनंती. मत बनवण्याआधी मिलचे पाचवे प्रकरण आणि आपल्या दारूबंदी कायद्यातली परवान्याची कलमे लागोपाठ वाचावीत. एका दुपारचे वाचन आहे. त्यानंतर चॅपमन आणि कॉलिन यांच्याकडे वळावे, आणि या दोघांपैकी जो पहिल्या वाचनात पटेल, त्याच्याविरुद्ध एक पान तरी स्वतः लिहून पाहावे.